गोणपाट आणि झरोका



बारी, पेंडशेत, घाटघरकडून पहाटे निघून तुम्ही गीझर-एसी बसवणारे कारागीर आणि आयटीआयमधले तरुण राजूरला आलात, तेव्हा वेळ न दवडता कामाचंच बोलतो.

माझ्या लहानपणी कळसूबाईच्या पायथ्याला घर म्हणजे मातीच्या नाहीतर कुडाच्या भिंती आणि वर कौलं. थंडीत घरात चूल, अंगणात शेकोटी. परिस्थिती बरी असेल तर परसात तांब्याचा बंब. मधल्या नळीत निखारे टाकायचे, भोवती पाणी तापायचं. घरातला धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. उन्हाळ्यात त्याच भिंती गारवा धरायच्या. या घराला तापवायला किंवा निववायला मिस्त्री लागत नव्हता.

मग स्लॅब आला. मी त्याला नावं ठेवणार नाही. घाटघर-रतनवाडीच्या पावसात ज्यानं दर मृगाआधी घर शाकारलंय, त्याला स्लॅबची किंमत विचारा. पण हा स्लॅब मे महिन्यात मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहतो, आणि थंडीत खिडक्या लावल्या की आत हवा कोंडते. आपला एसी आणि आपला गीझर दोन्ही या स्लॅबच्या मागोमाग डोंगरात आले. भंडारदऱ्याला काजवे बघायला पाहुणे येऊ लागले, तशी मागणी वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचली. आपल्या चुली पेटल्या त्या यावरच.

एक गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. एका घरी मी गॅस गीझर बसवला. घरमालक म्हणाले, आतच बसवा, बाहेर चोरीला जाईल. बाथरूमला हातभर झरोका होता, म्हणून मीही मान डोलावली. पौषात कडाका पडला. घरातल्या आजीनं वारा लागू नये म्हणून झरोक्यात गोणपाट कोंबलं. सकाळी नात आंघोळीला गेली ती बाहेर येईना. कडी तोडून तिला काढलं. पोर वाचली. मी पोचलो तेव्हा गोणपाट तिथंच होतं, वाफेनं ओलं झालेलं आणि आतल्या बाजूनं काजळी धरलेलं.

त्या आजीची काय चूक? तिनं जन्मभर परसातला बंब पाहिला होता. चूक माझी होती. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते. पण हवा कमी पडली की त्याच गॅसच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं जड होतं, गरगरतं, आणि दोन पावलांवरची कडी काढण्याचंही बळ उरत नाही.

एसीच्या कामातही गिऱ्हाइकाला न दिसणारा भागच मोठा असतो. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच पाणी असतं. पाइपचा फ्लेअर जोड आवळला, थोडा गॅस सोडून पाइपातली हवा उडवली, की एसी त्या दिवशी गार हवा देतो आणि आपण पैसे घेऊन निघतो. आत राहिलेली ओल तेलात मुरते, आम्ल होतं, आणि कॉम्प्रेसरचं वाइंडिंग खाल्लं जातं. आर-३२ पेट घेणारा गॅस आहे, त्याच्याशी तर हा खेळ नकोच. पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप डोंगरावर वाहून न्यावा लागतो, हे मला ठाऊक आहे. मी खांद्यावरून नेलाय. तरी न्यायचाच. जुना आर-२२ हवेत सोडून देणाऱ्यांनाही सांगतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८१० पट उष्णता धरतो, आणि वर ओझोनच्या थराला खातो. १९८७ चा माँट्रियल करार ओझोन वाचवण्यासाठीच झाला. डोंगरावरचा पाऊस अवेळी झालाय म्हणून आपण हळहळतो, मग आपल्या हातातला व्हॉल्व्ह आपणच सांभाळायला हवा.

 

आजचा पहिला ठराव मी स्वतः मांडतो. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसेल. आत येईल फक्त गरम पाण्याची नळी. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर काम सोडायचं, आणि दुसऱ्या कुणी ते घ्यायचं नाही. या शेवटच्या वाक्याशिवाय आधीच्यांना अर्थ नाही, म्हणून हात वर करताना शेजाऱ्याकडे बघून करा.

आणि जे गीझर आपणच आत बसवलेत, त्यांचे पत्ते आपापल्या डायरीत आहेत. दिवाळीनंतर थंडी पडायच्या आत ते बाहेर काढू. मजुरी घ्यायची नाही. माझ्या डायरीत असे अकरा निघाले. पहिला पेंडशेतच्या वाटेवर आहे, सोमवारी सकाळी मी तिथं जाणार आहे. ड्रिल मशीन माझं आहे, नळी वाकवायला एक माणूस हवा.