श्वानपालनातील शेजारधर्म

(पनवेल येथे श्वानपालक, शिक्षक व लोकप्रतिनिधी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुत्रा आणि मनुष्य यांचा सहवास शेतीहूनही जुना आहे. महाराष्ट्रात तर या प्राण्याला देवाधर्मात स्थान मिळाले आहे. श्रीदत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान असतात आणि भाविक त्यांना चार वेदांचे रूप मानतात. खंडोबाच्या सोबतही कुत्रा असतो. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या संत नामदेवांची कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. तेव्हा कुत्र्याविषयीची आस्था आपल्याला कोणी नव्याने शिकवावी, अशी परिस्थिती नाही. मात्र ही आस्था व्यवहारात उतरविण्याची रीत बदलत्या काळाबरोबर बदलावी लागते. त्याच रीतीविषयी आज काही विचार आपणांपुढे मांडावयाचे आहेत.

पनवेलचेच उदाहरण घेऊ. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेले हे जुने व्यापारी गाव. १ ऑक्टोबर २०१६ रोजी येथे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती व आसपासची गावे एका कारभाराखाली आली. निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि प्रांतांतून आलेली कुटुंबे आज येथे एकाच इमारतीत राहतात. पूर्वी वाड्याच्या अंगणात किंवा शेताच्या बांधावर राहणारा कुत्रा आता चौथ्या-पाचव्या मजल्यावरील सदनिकेत राहतो, उद्‍वाहनातून ये-जा करतो आणि दिवसाचे आठ-आठ तास बंद दाराआड एकटा काढतो. त्याला आणणारे कुटुंब पुष्कळदा प्रथमच कुत्रा पाळत असते. पिल्लू रात्रभर का रडते, अन्न का टाकते, पाहुण्यांच्या अंगावर का जाते, हे विचारावे तरी कोणाला, हा त्यांच्यापुढील प्रश्न असतो. गावाकडच्या जाणत्या माणसाची जागा येथे कोणी घेतलेली नसते.

अशा वेळी दोन गोष्टी घडतात. त्रासून गेलेले कुटुंब एखाद्या दिवशी कुत्र्याला दूर नेऊन सोडून देते, अथवा शेजाऱ्यांशी कायमचे वैर पत्करते. दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. कुत्रा पाळणे ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, अशी आपली समजूत असते. परंतु शिक्षण, आजारपण आणि रोगप्रतिबंध या तिन्ही बाबतींत एकटे घर अपुरे पडते. म्हणून ज्यांच्या घरी कुत्री आहेत, त्यांनी एकमेकांच्या मदतीस येणे अगत्याचे आहे.

प्रथम शिक्षणाचा विचार करू. कुत्र्याला माणसाची भाषा कळत नाही. त्याला कळतो तो एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून हे तत्त्व जगापुढे आले. एखादी कृती केल्याबरोबर खाऊ किंवा शाबासकी मिळाली, तर कुत्रा ती कृती पुन्हा करतो. बक्षीस पाच मिनिटांनी दिले, तर ते कशाबद्दल मिळाले हे त्याला उमगत नाही. घरात घाण केल्यावर तासाभराने मारले, तर तो फक्त मारणाऱ्याला भिण्यास शिकतो. झोपेतून उठल्यावर, जेवणानंतर आणि खेळानंतर पिल्लाला लगेच बाहेर नेणे आणि योग्य जागी विधी झाला की तत्काळ कौतुक करणे, हा मार्ग अधिक खात्रीचा आहे. घरातील सर्वांनी एका आज्ञेसाठी एकच शब्द वापरावा. वडील ‘बस’ म्हणणार, मुलगा ‘सिट’ म्हणणार आणि आजी ‘खाली बैस’ म्हणणार, तर दोष कुत्र्याचा नव्हे.

हे सर्व घरात होऊ शकते. परंतु पाहुणा आल्यावर अंगावर उडी न मारण्याचे शिक्षण पाहुण्याविना कसे देणार? दुसरा कुत्रा दिसल्यावर शांत राहण्याचा सराव दुसऱ्या कुत्र्याविना कसा होणार? पिल्लाच्या वयाचा साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ या दृष्टीने फार मोलाचा असतो. या काळात ज्याने निरनिराळी माणसे, मुले, वाहने आणि आवाज निर्धास्तपणे पाहिले, तो कुत्रा पुढे सहसा भित्रा किंवा चावरा होत नाही. मात्र लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये. त्याला उचलून न्यावे, किंवा लस झालेल्या निरोगी कुत्र्यांच्या घरी न्यावे. येथे शेजारी श्वानपालकाची गरज स्पष्ट दिसते. चार-सहा जणांनी आठवड्यातून एकदा मोकळ्या जागी, पट्टे न सोडता, तासभर एकत्र यावे. एकाने दुसऱ्याच्या कुत्र्यासाठी अनोळखी माणसाची भूमिका घ्यावी. यास खर्च नाही. दिवाळीतील फटाक्यांच्या आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी काय केले, एकट्याने राहताना भुंकणारा कुत्रा कसा शांत झाला, हे अनुभवही अशाच भेटींत सांगितले जातात.

आता आजारपणाकडे वळू. कोकणातील दमट हवा आणि दीर्घ पावसाळा हा गोचिडांना मानवतो. गोचिडांमार्फत कुत्र्याच्या रक्तात रोगजंतू शिरतात आणि ताप, अन्नावरील वासना जाणे, हिरड्या फिकट पडणे, प्रसंगी नाकातून रक्त येणे अशी लक्षणे दिसतात. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या मूत्रावाटे पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा कुत्र्यास होतो आणि माणसासही होतो. पार्वो हा रोग १९७८ साली जगापुढे आला. त्यात रक्ताचे जुलाब होऊन लहान पिल्लू दोन-तीन दिवसांतही दगावते. पार्वो, डिस्टेंपर व लेप्टोस्पायरोसिस यांवर लसी उपलब्ध आहेत. वयाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत मात्रा देतात. पुढील मात्रांचे वेळापत्रक पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावे.

अनुभवी श्वानपालकाचे खरे मोल येथे आहे. त्याने आपल्या कुत्र्याच्या हिरड्या फिकट झालेल्या एकदा पाहिलेल्या असतात. म्हणून शेजारच्या घरातील लक्षण तो लवकर ओळखतो आणि “उद्यावर टाकू नका, आजच दवाखान्यात न्या” असे सांगू शकतो. हा सल्ला प्राण वाचवितो. परंतु येथेच एक मर्यादा आखून घेतली पाहिजे. दवाखान्यात केव्हा जावे, हे शेजाऱ्याने सांगावे. औषध कोणते द्यावे, हे पशुवैद्यकानेच सांगावे. आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरील औषध अनेक कुत्र्यांना चालते. परंतु कोली आणि तत्सम मेंढपाळी जातींच्या काही कुत्र्यांच्या शरीररचनेत जन्मजात फरक असतो आणि तेच औषध त्यांच्या मेंदूवर घातक परिणाम करू शकते. माणसांसाठी असलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरास व मूत्रपिंडास इजा होते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हेही त्याला अपायकारक आहेत. “आमच्या कुत्र्याला याने गुण आला” हे वाक्य सद्‍हेतूने उच्चारले जाते, पण त्या भरवशावर औषध देऊ नये.

गंभीर आजारात कुत्र्याला रक्त द्यावे लागण्याचाही प्रसंग येतो. कुत्र्यांनाही रक्तगट असतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. रक्त देणारा कुत्रा प्रौढ, धडधाकट, साधारण पंचवीस किलोंहून अधिक वजनाचा आणि सर्व लसी झालेला असावा लागतो. ऐन वेळी असा कुत्रा शोधणे कठीण असते. परिसरातील पालकांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अशा कुत्र्यांची यादी आधीच करून ठेवली, तर कित्येक तास वाचतील. मुंबईत परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि २०२४ पासून महालक्ष्मी येथे लहान प्राण्यांचे आधुनिक रुग्णालयही सुरू झाले आहे. तथापि पनवेलहून आजारी कुत्र्याला अपरात्री तेथवर नेण्यासाठी वाहन लागते आणि सोबत माणूसही लागतो. हे दोन्ही शेजारीच देऊ शकतो.

तिसरी बाब रोगप्रतिबंधाची असून ती सर्वांत गंभीर आहे, कारण तीत माणसाच्या प्राणाचा प्रश्न आहे. रेबीज अथवा पिसाळ या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण लक्षणांपूर्वी योग्य उपचार झाले, तर हा रोग टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचण्यास प्रारंभ केला आणि तो मुलगा वाचला. इतक्या वर्षांनंतरही आपल्याकडे माणसे या रोगाने मरतात, याचे एक मोठे कारण अज्ञान आणि दिरंगाई हे आहे. पाळलेल्या पिल्लाचा दात लागला, म्हणून काही होत नाही, असे समजून घरचे लोक गप्प राहतात. मूल मार बसेल म्हणून सांगत नाही. खेड्यापाड्यांतून पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून आहे. वास्तविक ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडात, चार किंवा पाच वेळा ठराविक दिवशी घ्यावी लागते.

शिक्षक बंधुभगिनींनी एवढे तीन नियम मुलांकडून पाठ करून घ्यावेत. कुत्रा चावला, ओरखडला किंवा त्याने जखमेस चाटले, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तीवर चुना, तिखट, हळद यांपैकी काहीही लावू नये. आणि घरी तत्काळ सांगून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. जखमेतून रक्त आले असल्यास लसीखेरीज जखमेत द्यावयाचे आणखी एक औषध लागते, ते डॉक्टर ठरवितात. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, परंतु त्यासाठी लस थांबवू नये. कुत्रा पाळीव असेल, तर त्याच्या मालकाने लसीचा दाखला घेऊन स्वतः जखमी माणसाच्या घरी जावे. लपवाछपवी केल्यास एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

एखाद्या वस्तीतील किमान सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिलेली असली, तर या रोगाचा फैलाव थांबतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आपल्या एका कुत्र्याला लस देऊन आपले घरही पूर्ण सुरक्षित होत नाही. शेजारच्या गोवा राज्याने घरोघरी व रस्तोरस्ती लसीकरण, शाळांतून शिक्षण आणि संशयित कुत्र्यांचा तत्पर शोध या तीन मार्गांनी मोठे यश मिळविले, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. केंद्र शासनानेही त्याच वर्षी, २०३० पर्यंत श्वानजन्य रेबीजच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. जे गोव्यात साधले, ते रायगड जिल्ह्यात साधू नये असे काही नाही.

आता हे सर्व प्रत्यक्षात कसे आणावे? प्रत्येक वसाहतीत अथवा गावात श्वानपालकांचे एक लहानसे मंडळ असावे. त्यासाठी कार्यालय नको की वर्गणी नको. एक नोंदवही पुरे. तीत प्रत्येक कुत्र्याची नोंद, लसीची तारीख, जवळच्या पशुवैद्यकाचा व रात्री वाहन देऊ शकणाऱ्यांचा क्रमांक असावा. कोणी परगावी निघाल्यास त्याचा कुत्रा दुसऱ्याने सांभाळावा. यामुळे कुत्रे सोडून देण्याचे प्रकार कमी होतील. २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनी महापालिका, ग्रामपंचायत किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सहकार्याने सामुदायिक लसीकरण करावे आणि त्यात वस्तीतील भटकी कुत्रीही घ्यावीत. खेड्यांतील राखणीची व धनगरांची कुत्री या दिवशी विसरली जाऊ नयेत.

ज्यांच्या घरी कुत्रा नाही, अशा शेजाऱ्यांनाही या मंडळात स्थान असावे. रस्त्यावरील घाण, रात्रीचे भुंकणे, उद्‍वाहनात वाटणारी भीती या त्यांच्या तक्रारी खऱ्या असतात. घाण उचलण्यास कागद व पिशवी जवळ बाळगणे आणि सार्वजनिक जागी पट्टा न सोडणे, एवढ्याने निम्मे तंटे मिटतील. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क नुसार प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. त्याचबरोबर आपल्या ताब्यातील प्राण्यापासून दुसऱ्यास इजा होईल असा निष्काळजीपणा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार अपराध आहे. या दोन्ही तरतुदींचे पालन एकाच वेळी करणे शक्य आहे, आणि ते श्वानपालकांनी करून दाखवावयाचे आहे.

येथे उपस्थित असलेल्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे, की आपापल्या प्रभागातील व गावातील असे मंडळ येत्या सप्टेंबरपूर्वी उभे राहावे, यासाठी त्यांनी पुढाकार घ्यावा. अधिकारीवर्गाने जागा, लस व तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळवून द्यावे आणि शिक्षकांनी ते तीन नियम प्रत्येक मुलापर्यंत पोचवावेत. उरलेले काम श्वानपालक स्वतः करतील, असा मला विश्वास वाटतो.