पुतळा कुठे बसवायचा?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या संस्थापक गुरुजींचा संगमरवरी अर्धपुतळा शाळेच्या फाटकाजवळ बसवावा, असा प्रस्ताव आज आपल्यापुढे आहे. माझी नोकरी मुंबईत जुन्या दगडी इमारतींच्या देखभालीत गेली, म्हणून समितीने मला दहा मिनिटे दिली आहेत. पुतळ्याला माझा विरोध नाही. बोलायचे आहे ते जागेबद्दल.

मुंबईचा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची ती रुंद पायऱ्यांची इमारत, १८३३ साली पूर्ण झाली. आत एल्फिन्स्टन आणि माल्कम यांचे चँट्रीने घडवलेले पुतळे आहेत. पण मी तिथे गेलो की आधी नाना शंकरशेटांपाशी थांबतो. साहेबांच्या रांगेत आपला मराठी माणूस, त्याच मानाने! हा पुतळा मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराचा. छताखाली असल्यामुळे वस्त्रांच्या चुण्या अजून स्पष्ट आहेत.

याच नोबलने व्हिक्टोरिया राणीचा पुतळा केला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो मुंबईला दिला आणि १८७२ साली तो भर रस्त्यावर, संगमरवरी छत्रीखाली बसला. १८९६ च्या ऑक्टोबरात त्याला कोणीतरी डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. हे आपण केले, असे दामोदर चापेकरांनी पुढे आत्मवृत्तात लिहिले. सरकारची मोठी पंचाईत झाली, कारण संगमरवर दिसायला गुळगुळीत असला तरी त्याला बारीक छिद्रे असतात आणि डांबर आत मुरते. शेवटी प्रा. त्रिभुवनदास गज्जर या आपल्याच रसायनशास्त्रज्ञाने राणीचे तोंड स्वच्छ केले. राणीला काळे करणारे आपले आणि गोरे करणारेही आपलेच!

गज्जरांचे काम सोपे नव्हते. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडी. आम्ल लागले की तो विरघळतो. घाईने कोणी तेजाब ओतले असते, तर डांबराआधी राणीच गेली असती.

इथे मला आपल्या भंडाऱ्याची काळजी वाटते. आपण पितळेच्या गावचे. घागर काळवंडली की चिंच लावायची आणि लख्ख घासायची, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी एखादा उत्साही शिपाई किंवा विद्यार्थी गुरुजींच्या चेहऱ्यालाही चिंच-लिंबू लावेल. चकाकी जाईल, दगड खरखरीत होईल, मग त्यात धूळ आणि शेवाळ धरेल. चार-पाच वर्षे असे घासले, तर आधी चष्म्याची कड जाईल आणि मग ओठ. कोणी घासले नाही तरी पाऊस हेच काम सावकाश करतो.

पवनीच्या स्तूपाचे कोरीव दगड दोन हजार वर्षे टिकलेच ना, असे काल एका मित्राने मला विचारले. टिकले, पण १९६९-७० च्या उत्खननात निघेपर्यंत ते मातीखाली होते. गुरुजींना पुरून तर ठेवायचे नाही!

व्हिक्टोरियाचा तो पुतळा आज भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. नाकाचा टवका उडालेला, डोक्यावर छत्री नाही. त्याच संग्रहालयाच्या आत तिच्या नवऱ्याचा, प्रिन्स अल्बर्टचा पुतळा आहे, तोही नोबलचाच. मुंबईला गेलात तर दोन्ही एकाच दिवशी बघा. बाहेर आणि आत यात काय फरक पडतो, ते मी सांगण्यापेक्षा लवकर कळेल.

म्हणून माझी सूचना अशी की पुतळा संगमरवराचाच करावा, पण तो वाचनालयात, ओल येत नाही त्या पूर्वेकडच्या भिंतीशी ठेवावा. आत कोण बघणार, असा आक्षेप येईल. वाचनालय रोज उघडले तर मुले बघतील, आणि ते सध्या आठवड्यातून दोनच दिवस उघडते, हेही मी इथेच सांगतो. फाटकाजवळच हवा असा आग्रह असेल, तर ब्राँझचा करावा. खर्च वाढेल. दोन्हींचे अंदाजपत्रक मी समितीकडे दिले आहे. जेवणाआधी त्यावर हात वर करून मत घ्यावे.