गर्भवतीचें रक्त आणि दोन यंत्रें

पुण्यांत गरोदर स्त्रीच्या रक्ताची तपासणी आतां नित्याची झाली आहे. प्रयोगशाळेची चिठ्ठी घरीं येते, तींतील आकड्यावर सर्वांची दृष्टि खिळते; परंतु तो आकडा कोणत्या यंत्रानें काढला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

ही चौकशी निरर्थक नव्हे. जर्मन गोवर, म्हणजेच रूबेला, हा मोठ्या माणसाला सौम्य असा आजार. तथापि गरोदरपणाच्या आरंभीं तो आईस झाला, तर मूल मोतीबिंदू घेऊन जन्मास येऊं शकतें, हें ऑस्ट्रेलियांतील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनीं १९४१ सालीं दाखविलें. या रोगाचा, तसाच टॉक्सोप्लाझ्माचा, माग रक्तांतील प्रतिपिंडांवरून काढतात.

१९७१ मध्यें निघालेल्या एलायझा पद्धतींत ९६ खळग्यांची तबकडी असते. पुरेसे नमुने जमेपर्यंत वाट पाहावी लागते. रासायनिक प्रकाश मोजणारें स्वयंचलित यंत्र नमुना येईल तसा घेतें व बहुधा तासाभरांत उत्तर देतें. वेगांत तें श्रेष्ठ खरें. पण वेग म्हणजे अचूकपणा नव्हे. एकाच रक्ताचा रूबेलाचा आकडा दोन यंत्रांवर निराळा येऊं शकतो, एकक तेंच असूनही! म्हणून कांहीं दिवसांनीं दुसरा नमुना घेतल्यास दोन्ही नमुने एकाच यंत्रावर, एकाच वेळीं तपासावे.

खरा घोटाळा आयजीएमचा. ताज्या बाधेची खूण मानलें जाणारें हें प्रतिपिंड टॉक्सोप्लाझ्मांत वर्षाहून अधिक काळही टिकूं शकतें. समजा, १०,००० गर्भवतींत १० जणींनाच नवी बाधा आहे, आणि यंत्र निरोगी शंभर जणींपैकीं एकीलाच चुकून बाधित ठरवितें. तरीही सुमारें १०० निरोगी स्त्रिया त्या दहाजणींच्या पंक्तीस बसतात. अशा एका चिठ्ठीवरून गर्भपाताचा विचार करणें केवढें घातक! त्याआधीं आयजीजीची पकड मोजून घ्यावी. हें प्रतिपिंड मागाहून येतें, आणि महिने लोटतात तसतशी त्याची जंतूवरील पकड घट्ट होते. पहिल्या तीन महिन्यांतच ती घट्ट आढळली, तर बाधा बहुधा गर्भधारणेपूर्वींची. सैल पकड मात्र नव्या बाधेचा पुरावा होत नाहीं.

आणि रूबेलाचें प्रतिपिंड मुळींच नसेल तर? महाराष्ट्रांत नोव्हेंबर २०१८ मध्यें गोवर-रूबेला लसीची मोहीम निघाली, ती १५ वर्षांखालील मुलांसाठीं. त्याहून मोठ्या मुली तींतून सुटल्या. लस तर पुण्यांतच, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार होते. ती जिवंत विषाणूची असल्यानें गरोदरपणीं देत नाहींत. बाळंतपणानंतर, रुग्णालयांतून घरीं जाण्यापूर्वींच टोंचून घ्यावी.