चिलटाचे नाक



आपल्या मांजरसुंब्यात सीताफळे पिकली की टोपलीवर बारीक चिलटे जमतात. आपण ती पदराने हाकलतो. वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी मात्र त्यांच्या अभ्यासात आयुष्य घालविले. त्यांचा जन्म १९५३ साली केनियात झाला. आईवडील मूळचे गोव्याचे. आयर्लंडमध्ये शिकून त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांच्याकडे आल्या.

चिलटाला वास मिशांनी येतो, चव पायांनीही कळते. ज्यांना जन्मतःच वास किंवा चव नीट कळत नाही, अशी चिलटे त्यांनी निवडून काढली. कोठे बिघडले ते पाहिले, की मूळची घडण कशी असते ते उमगते. १९७८ साली दोघांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे कोशात चिलट घडत असताना वासाच्या नसा कशा तयार होतात व मेंदूत आपापल्या जागी कशा पोचतात, हे त्यांनी शोधले. कर्करोग झाला, तरी काम सोडले नाही. २०१० साली बंगळूर येथे त्या निवर्तल्या.

भगिनींनो, लेक किड्याकडे टक लावून बसली तर तिला लगेच उठवू नका. भांडी घटकाभराने घासता येतील.