पेटीबंद प्रोग्रॅम आणि परतीची वाट

२६ एप्रिल १९५६ रोजीं माल्कम मॅक्लीन या अमेरिकन मालमोटारवाल्याच्या 'आयडियल-एक्स' जहाजानें धातूच्या ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे नेल्या. तोंवर बंदरावर पोतें, पिंप, खोका असा प्रत्येक नग निराळा उचलावा लागे. पुढें पेट्यांचीं मापें ठरलीं, आणि आंत काय आहे याची चौकशी करण्याचें कारण क्रेनला किंवा आगगाडीला उरलें नाहीं. चाकणच्या कारखान्यांतील माल न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जातो तो अशाच पेट्यांतून.

संगणकाच्या जगांत ही कल्पना उशिरां आली. हिंजवडींत ज्या संगणकावर प्रोग्रॅम लिहिला, त्यावर तो चोख चालतो. तोच दुसऱ्या यंत्रावर नेला कीं अडून बसतो. कारण प्रोग्रॅम एकटा नसतो. त्याला ठराविक आवृत्तीची भाषा लागते, दुसऱ्यांनीं लिहिलेल्या साहाय्यक प्रोग्रॅमांचा परिवार लागतो. सुगरणीच्या हातची पुरणपोळी परक्या स्वयंपाकघरांत बिघडावी, त्यांतलाच हा प्रकार. उपाय असा कीं, हा सर्व परिवारच एका पेटींत बंद करावयाचा. लिनक्समध्यें ही सोय आधींपासून होती. मार्च २०१३ मध्यें सॉलोमन हाइक्स यांनीं 'डॉकर' हें साधन लोकांपुढें मांडलें, आणि ती सामान्य प्रोग्रॅमकर्त्याच्या आटोक्यांत आली.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या लहान कारखान्याचें उदाहरण घ्या. तो चाकणच्या मोटार-कारखान्यास पत्र्याचे सुटे भाग पुरवितो. मोठे कारखाने आतां सुटे भाग महिनेन्‌महिने सांठवीत नाहींत; भाग हवा त्या दिवशीं, कित्येकदां हव्या त्या घटकेला, यावा लागतो. किती नग कोणत्या गाडींतून निघाले, याची नोंद दूरच्या सर्व्हरवरील प्रोग्रॅमांत होते. तो बंद पडला तर चलन निघत नाहीं, भरलेली गाडी दारांत उभी राहते, आणि पुढील साऱ्या साखळीचा खोळंबा होतो. म्हणून प्रोग्रॅम बदलणें हें येथें केवळ संगणकवाल्याचें काम राहत नाहीं. पाळीवर आलेल्या कामगाराचा दिवसही त्यावर अवलंबून असतो.

हा बदल दुरून होतो तो असा. प्रथम पेटीचा 'इमेज' नांवाचा सांचा तयार करतात. तो थरावर थर रचून होतो. त्यामुळें पुढच्या खेपेस बदललेले थर तेवढेच पाठवावे लागतात. त्याच्या मजकुरावरून गणितानें ६४ चिन्हांचा ठसा निघतो. आंत एक अक्षर बदललें तरी ठसा निराळा येतो. हा सांचा रजिस्ट्री नांवाच्या कोठारांत ठेवतात. मग दूरच्या सर्व्हरला आज्ञा द्यावयाची. ती उघड्या पत्रासारखी जाऊं नये म्हणून 'एसएसएच' ही सांकेतिक वाट वापरतात. फिनलंडचे तातू युल्योनेन यांनीं १९९५ सालीं ती तयार केली. सर्व्हर कोठारांतून सांचा आणतो व जुन्या पेटीशेजारीं नवी चालू करतो. नवी नीट उत्तर देते असें पाहिल्यावरच येणाऱ्या मागण्या तिच्याकडे वळवितात, आणि मग जुनी थांबवितात. भोसरीच्या कारकुनाला याचा पत्ताही लागत नाहीं.

मात्र पेटी म्हणजे जादू नव्हे. पेटी काढून टाकली कीं तिच्यांत लिहिलेलेंही जातें. म्हणून चलनांचा हिशेब पेटीबाहेरच्या भांडारांत ठेवावा. परवलीचे शब्द सांच्यांत बंद करूं नयेत. सांचा ज्याच्या हातीं पडेल त्याला ते वाचतां येतात. शिवाय पेटी यजमान यंत्राच्याच गाभ्यावर चालते. तो जुनाट राहिला तर नवी पेटीही सुरक्षित नाहीं.

दूरची आज्ञा जितकी सोयीची तितकीच धोक्याची. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीनें धाडलेल्या एका सदोष बदलानें, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लाख संगणक बाधित झाले. भारतांतील कांहीं विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कित्येक संगणक धड सुरूच होईनात. त्यामुळें दुरून दुरुस्ती होईना, आणि माणसांना एकेका यंत्रापाशीं जावें लागलें. तो बदल पेटीचा नव्हता. परंतु नवें तें आधीं एका यंत्रावर, मग थोड्यांवर, आणि शेवटीं सर्वांवर, हा धडा पेट्यांनाही लागू आहे.

म्हणून जाणता कारखानदार 'नवा प्रोग्रॅम केव्हां येईल?' एवढेंच विचारीत नाहीं; 'तो फसला तर कालचा किती वेळांत परत मिळेल?' हेंही विचारतो. जुन्या ठशाचा सांचा कोठारांत जपलेला असेल, आणि भांडाराची रचना जुन्या प्रोग्रॅमालाही उमजेल अशीच बदललेली असेल, तर परतीस कांहीं मिनिटें पुरतात. आज्ञेची किल्लीही एकाच नोकराच्या खिशांत असूं नये. तो सोडून गेला तर धनी आपल्याच दारांत परका होतो. ज्या कारखान्यांना गुरुवारीं सुट्टी असते त्यांनीं, गाड्या उभ्या असतांना, परतीची ही तालीम एकदां करून पाहावी.