शेतकरी-सैनिकाच्या घराण्याचा शोध
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सरदार-सरंजामदारांच्या घराण्यांचे इतिहास मराठीत विपुल आहेत. कैफियती, बखरी, सनदा, वंशावळी यांनी आपल्या वाचनालयाचीही कपाटे भरलेली आहेत. परंतु शेतावरून उठून जो पलटणीत दाखल झाला, उमेदीची वर्षे लष्करात घालवून जो गावी परतला आणि ज्याने पुन्हा नांगर धरला, त्या शिपाईगड्याच्या घराण्याचा इतिहास कोणी लिहिला? आजचे माझे विवेचन त्याच्यासंबंधी आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, तेव्हा हजारो हातांचे शस्त्राचे काम गेले. काही जण जमिनीकडे वळले, तर काहींनी कंपनीच्या मुंबई सैन्यात नाव घातले. कोकणातून व देशावरून होणारी ही भरती पुढे शतकभर चालली. ‘काळी पाचवी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पलटणीने १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहूनचा किल्ला लढवला, आणि १८४१ मध्ये तिला ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मिळाला. १८६८ मध्ये ॲबिसिनियातील मगदला आणि १८८० मध्ये अफगाणिस्तानातील मैवंद या रणांगणांवरही मुंबई सैन्याचे शिपाई होते. साध्या शिपायाचा पगार दीर्घकाळ महिना सात रुपये होता. १८९५ मध्ये तो नऊ झाला. रक्कम लहान खरी, पण सारा रोखीने भरावा लागत असताना घरी येणाऱ्या या रोख पैशाचे मोल मोठे होते. परमुलखातील पगारावर गावाकडची जमीन टिकून राही. म्हणूनच या घराण्यांत शेती आणि शिपाईगिरी यांना वेगळे काढता येत नाही.

अशा एका घराण्याची हकिगत आपणा सर्वांना ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्याचे मूळ गाव. मालोजी सकपाळ मुंबई सैन्यात होते. त्यांचे पुत्र रामजी सैन्यातच शिकले, पलटणीच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि सुभेदारपदापर्यंत चढले. त्यांच्या पत्नी भीमाबाई या मुरबाडकरांच्या, म्हणजे लष्करी पेशाच्याच घराण्यातील. इंदूरजवळच्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी या दांपत्याला पुत्र झाला. तेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

घराण्याचा शोध घेणाऱ्यासाठी यात एक धडा आहे. आजोबा सकपाळ, साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नातवाचे नाव मात्र ‘भिवा रामजी आंबेडकर’. अवघ्या तीन पिढ्यांत आडनाव पालटले. लष्करी कागदांत तर पुष्कळदा शिपायाचे व त्याच्या बापाचे नाव एवढेच आढळते. तेव्हा केवळ आडनावाचा धागा धरून मागे जाऊ पाहणारा हमखास वाट चुकतो. आडनावापेक्षा गाव, बापाचे नाव आणि जमीन यांची साक्ष अधिक भरवशाची.

दुसरा धडा अधिक कटू आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरेगाव भीमा येथील स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांत शेवटी ‘नाक’ असलेली महार सैनिकांची बावीस नावे आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी असे रक्त सांडले, त्या समाजाला १८९२ च्या सुमारास सैन्यभरतीचे दार बंद करण्यात आले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पण दार उघडले नाही. पेन्शनर बापाच्या मुलाला पुन्हा महारकीच्या वतनाची राबणूकच दिसू लागली; ते वतन कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली ती आपल्या बेळगावात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून इथलेच. ज्या गावाच्या परेड मैदानावर असा इतिहास घडला, तेथील वाचनालयाला या विषयाशी आपला संबंध नाही असे म्हणता येणार नाही.

मालोजींचे नाव टिकले, कारण नातू युगपुरुष निघाला. ज्यांचे नातू साधेच राहिले, त्या मालोजींचे काय? त्यांच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. आपल्या भागात सुगीनंतर हेळवी येतो, दारात उभा राहून घराण्याच्या पिढ्या म्हणतो आणि नवे जन्म वहीत घालतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावे गावानिशी असतात. जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, मोजणीचे व खात्याचे उतारे, आणि घरच्या ट्रंकेतील पेन्शनीचा कागद व पदक ही सारी साधनेच आहेत. मात्र एकाच साधनावर विसंबू नये. हेळव्याच्या तोंडी परंपरा असते, पण सालाची खात्री नसते; सरकारी कागदात साल असते, पण माणूस नसतो. दोन्ही जुळले म्हणजे इतिहास उभा राहतो.

येथे दोन पथ्ये सांगतो. पहिले असे की, हवालदार असलेल्या पणजोबांना सरदार करू नये. पानिपतावर पडलेला पूर्वज प्रत्येकालाच हवासा वाटतो. परंतु सात रुपयांत घर आणि जमीन सांभाळणाऱ्या माणसाला उसन्या थोरवीची गरज नाही. दुसरे असे की, वंशावळीत सुना आणि लेकी यांना जागा द्यावी. शिपाई दूर असता पेरणी कोणी केली, सारा कोणी भरला? भीमाबाई लवकर वारल्यावर रामजींची मुले त्यांच्या बहिणीने, मीराबाईंनी, वाढवली. पुरुषांचीच नावे धरणाऱ्या वंशवृक्षात अशा मीराबाई कोठेच दिसत नाहीत.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये महाराष्ट्रात गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती चणचण आहे हे साऱ्यांना कळले. ज्या कागदाकडे रद्दी म्हणून पाहिले जात होते, त्यावर कुटुंबांचे भवितव्य अवलंबून राहिले. कागद असून वाचणारा नसेल, तर तो नसल्यासारखाच.

म्हणून वाचनालयाच्या दुसऱ्या शतकासाठी माझी एक विनंती आहे. सभासदांनी घरच्या कागदांच्या प्रती येथे आणून द्याव्यात. मूळ कागद घरीच राहू द्यावेत. वाचनालयाने त्यांची गाववार यादी करावी आणि मोडीचा वर्ग नियमित चालवावा. हेळव्यांच्या वह्या त्यांच्या संमतीने उतरवून घ्याव्यात. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी कागदांसाठी गावोगाव पायपीट केली. आपल्याला आपल्याच माळ्यावर चढायचे आहे. हे काम वाळवी लागण्यापूर्वी झाले, तर शेतकरी-सैनिकांची घराणीही या वाचनालयाच्या कपाटात मानाने जागा घेतील.