बळी तो कान पिळी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'उत्क्रांतिवाद आणि आपला व्यवहार' हा विषय मजकडे आला, तेव्हा घरात सर्वांना हसू आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाचनालय सर्वांना खुले आहे, आणि पोळपाटापुढे बसलेल्या बाईचाही या विषयाशी संबंध येतो.

डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाला. जीवजाती पिढ्यानपिढ्या बदलत आल्या. परिस्थितीशी ज्याचे जुळते त्याची संतती वाढते, असे त्याने दाखविले. 'योग्यतम तोच टिकतो' हे शब्द मात्र हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४ सालचे. योग्य म्हणजे परिस्थितीला जुळणारा. लोकांनी अर्थ घेतला बलवान! आपल्याकडे 'बळी तो कान पिळी' म्हणतात, पण तक्रार म्हणून. तिकडे तीच नीती ठरू लागली. अमेरिकेतील पोलादाचा कारखानदार कार्नेगी स्वतःला स्पेन्सरचा शिष्य म्हणवी. स्पर्धेचा नियम एकेकट्याला कठोर वाटला तरी मानवजातीच्या हिताचा आहे, असे त्याने १८८९ साली लिहिले. त्याने पुढे अमाप दानधर्म केला, हेही खरे.

त्याच स्पेन्सरचे ग्रंथ आपल्या आगरकरांनी वाचले. समाज बदलत वाढतो, तर रूढी तेवढ्या अचल कशा? १८८८ साली 'सुधारक' काढून त्यांनी बालविवाह आणि केशवपन यांवर कोरडे ओढले, मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला. आपल्या धुळ्यात १९२६ साली ज्यांनी देह ठेवला, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनीही विवाहसंस्थेचा इतिहास लिहून लग्नाच्या रीती काळाबरोबर बदलत आल्याचे दाखविले. विचार एकच, कोणी त्यातून स्पर्धा उचलली, कोणी सुधारणा.

आणखी एक बाजू आहे. मदतीला धावणारी माणसे ज्या टोळीत अधिक, ती टोळी टिकते, असे खुद्द डार्विनने १८७१ साली लिहिले. रशियाच्या क्रोपोटकिनने १९०२ साली परस्पर साहाय्यावर ग्रंथच लिहिला. आपल्या बांधावरचे सातभाई पाहा. एका घरट्यातील पिलांना थव्यातील इतर पक्षीही चारा भरवतात.

तरीही भगिनींनो, पाखरे करतात म्हणून आपण करावे, असे मी म्हणत नाही. निसर्गात मांजरी आपली पिलेही खाते. निसर्गात काय घडते हे शास्त्र सांगते. आपण कसे वागावे हे आपणच ठरवायचे.

आता घरचे बोलते. पापडाच्या एका व्यापाऱ्याने मागे आमची मजुरी कमी केली आणि वर ऐकवले, "धंद्यात दुबळ्याला जागा नाही." तेव्हा आपल्याला राग आला होता. आज आपल्याच मंडळात सूचना आली आहे की, ज्यांच्या हातून ठरलेले पापड लाटून होत नाहीत त्या वृद्ध भगिनींना उद्योगातून कमी करावे. शब्द गोड आहेत, पण अर्थ त्या व्यापाऱ्याचाच. हिशेब जुळला पाहिजे, हे मला मान्य आहे. परंतु पापडखार किती पडला हे पीठ जिभेवर ठेवून ओळखणाऱ्या त्याच ना? लाट्या करणे, वाळवण राखणे, पापड निवडणे ही कामे त्यांना द्या आणि त्यांचा दर ठरवा. पुढच्या सभेत हात वर करण्यापूर्वी एवढा विचार करावा, ही माझी विनंती.